स्पोर्ट्‌स कार इतकी जड का?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त लकडगंज, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय माझा नाही. तो अकरावीच्या मुलांनी दिलेला आहे. त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठविले : "सर, १९६४ सालची पोर्शे ९११ ही गाडी १०८० किलोची होती. आताची त्याच नावाची गाडी दीड हजार किलोची आहे. मधल्या साठ वर्षांत लोखंड सुधारले, ॲल्युमिनियम आले, कार्बन फायबर आले, संगणक आले. मग गाडी हलकी व्हायची ती जड कशी झाली?" प्रश्न उत्तम आहे. मोटार हा विषय मी इतकी वर्षे शिकवीत आहे, पण इतका सरळ प्रश्न वर्गात क्वचितच येतो.

पालकांच्या मनात आले असेल, की कोटी-दोन कोटींच्या गाडीशी आपला काय संबंध? आपल्यापैकी पुष्कळजण गॅरेज चालवितात, डेंटिंग-पेंटिंग करतात, वेल्डिंग करतात, टॅक्सी किंवा ट्रक चालवितात. संबंध तेथेच आहे. आज महागड्या गाडीत जे लोखंड येते ते चार-सहा वर्षांत साध्या गाडीत येते, आणि मग ती साधी गाडी ठोकर खाऊन आपल्याच दारी येते. तेव्हा हा विषय पोर्शेचा असला तरी त्याचा शेवट आपल्या कामावर होणार आहे, हे लक्षात ठेवून ऐकावे.

सुरुवात वजनाच्या आकड्यापासूनच करू. आपण लकडगंजात आहोत. येथील आरा मशीनवाल्याला विचारा, सागाच्या ओंडक्याचे वजन किती? तो उलट विचारील, ओला की वाळलेला? नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी भरपूर असते, वाळता वाळता ते उडून जाते आणि वजन कितीतरी उतरते. म्हणूनच इमारती लाकूड घनफुटावर विकले जाते. वजनावर विकले जाते ते जळाऊ लाकूड, आणि तेथेही समजदार गिऱ्हाईक ओले लाकूड घेत नाही.

गाडीच्या बाबतीतही 'कोरडे वजन' आणि 'भरलेले वजन' असे दोन हिशेब आहेत. कोरड्या वजनात पेट्रोल नाही, इंजिनचे तेल नाही, रेडिएटरचे पाणी नाही, कधी कधी तर बॅटरीसुद्धा धरलेली नसते. अशी गाडी रस्त्यावर एक इंचही चालणार नाही. पण जाहिरातीत हाच आकडा शोभून दिसतो. फेरारीची एफ ४० ही १९८७ सालची प्रसिद्ध गाडी. तिचे वजन ११०० किलो असे शौकीन लोक तोंडपाठ सांगतात. तो आकडा कोरडा आहे. सगळी तेले-पाणी भरून गाडी काट्यावर चढविली, की त्यात शंभर किलोहून अधिक भर पडते. हिशेब सोपा आहे. पेट्रोलचे एक लिटर म्हणजे सुमारे पाऊण किलो. साठ लिटरची टाकी भरली की पंचेचाळीस किलो वाढले. त्यावर तेल, पाणी, ब्रेकचे तेल.

त्यात देशोदेशींचे नियम निराळे. जर्मन पद्धतीत टाकी नव्वद टक्के भरलेली धरतात आणि चालक धरीत नाहीत. युरोपीय संघाच्या पद्धतीत त्यावर चालकाचे आणि सामानाचे मिळून ७५ किलो आणखी धरतात. म्हणजे एकाच गाडीची दोन 'खरी' वजने छापली जातात आणि दोन्ही बरोबर असतात. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वाहनाच्या वजनाची व्याख्या दिलेली आहे : नेहमी वापरात असणारी सर्व साधनसामग्री धरून, पण चालकाला वगळून. हेच वजन तुमच्या आर.सी.वर लिहिलेले असते. किती जणांनी ते वाचले आहे? घरी गेल्यावर जरूर वाचा.

तर निराशेचा पहिला भाग हा असा, कागदावरचा. शौकीन माणूस जुन्या गाडीचे कोरडे वजन आणि नव्या गाडीचे भरलेले वजन शेजारी ठेवतो आणि हळहळतो. तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. गाड्या खरोखरच जड झाल्या आहेत, आणि त्या केवळ जर्मनीत नव्हे, आपल्या महाराष्ट्रातही झाल्या आहेत.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना प्रीमियर पद्मिनी आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी ही फियाट सुमारे ९०० किलोची होती. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. आता तिच्याशेजारी पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन उभी करा. लांबी जवळजवळ सारखी, दोन्ही चार मीटरच्या आत. पण नेक्सॉनचे वजन बाराशे किलोच्या पुढे. तीनशे किलो, म्हणजे पाच धडधाकट माणसे, एवढ्याच जागेत कोठे दडून बसली?

त्यांतली निम्मी माणसे दाराच्या खांबात, छपराच्या कडेला आणि पायाखालच्या पट्टीत बसली आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कसे ते पाहू.

अपघाताच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवितात. ६४ म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही. पण अकरावीच्या मुलांनो, तुमचेच सूत्र लावा. वस्तू किती उंचीवरून पडली असता हा वेग येईल? उत्तर येते सोळा मीटर, म्हणजे पाच मजली इमारत. पाचव्या मजल्यावरून गाडी नाकावर सोडली आणि आतला माणूस जिवंत राहिला पाहिजे, अशी ही अट आहे. गाडीचा पुढचा भाग साधारण साठ सेंटिमीटर चेपतो असे धरले, तर तेवढ्या अंतरात गाडी थांबविताना आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सरासरी सत्तावीस पट जोर येतो. साठ किलोचा माणूस त्या क्षणी सोळाशे किलोचा होतो. पट्टा, खुर्ची, खुर्चीचे बोल्ट आणि ते बोल्ट ज्या पत्र्यात आहेत तो पत्रा, या सर्वांनी हे सोळाशे किलो धरून ठेवावयाचे असतात.

यासाठी गाडीला दोन परस्परविरुद्ध गुण लागतात. नाक मऊ असावे, म्हणजे ते चुरगळून धक्का खाईल. आणि माणूस बसतो तो पिंजरा इतका कडक असावा, की तो चुरगळता कामा नये. जुन्या गाड्यांत नेमके उलटे असे. बंपर जाड, 'काय मजबूत गाडी आहे' म्हणून लोक त्यावर थाप मारीत. आणि टक्कर झाली की स्टिअरिंगचा दांडा थेट छातीत. जुन्या गाडीचा पत्रा जाड होता म्हणून ती सुरक्षित होती, हा समज मी आजही गॅरेजमध्ये ऐकतो. तो काढून टाकला पाहिजे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची अशी चाचणी घेतली. मोठ्या माणसाच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. पण पोलोचा पिंजरा टिकला होता; उणीव एअरबॅगची होती. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले, आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले. ज्या गाड्यांचा पिंजराच कोसळला, त्यांना नुसती एअरबॅग लावून भागणारे नव्हते. पुढे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना समोरच्या व बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, २०१९ साली ती सर्व गाड्यांना लागू झाली. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला त्याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' सुरू झाली. ती सुरू करण्यात पुढाकार घेणारे मंत्री आपल्याच नागपूरचे खासदार आहेत, हे मुलांना माहीत असेलच.

शौकीन मंडळी वजनाचा दोष एअरबॅगला देतात. तो अन्याय आहे. सहा एअरबॅग मिळून फार तर दहा-पंधरा किलो भरतील. वजन आहे ते पिंजऱ्यात.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो : पिंजरा ॲल्युमिनियमचा का करीत नाहीत? ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एकतृतीयांश आहे. खरे आहे, पण त्याचा ताठपणाही जवळजवळ एकतृतीयांशच आहे. म्हणजे तोच पत्रा तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा केला, तर तो हलका होईल आणि लवेलही. फायदा घ्यायचा तर आकार बदलावा लागतो. हे सुताराला सांगावे लागत नाही. दोन इंच जाड, सहा इंच रुंद अशी फळी आडवी टाकून तिच्यावर उभे राहा, ती वाकेल. तीच फळी कडेवर उभी ठेवा, ती नऊ पट ताठ होईल. लाकूड तेच, वजन तेच. म्हणून ॲल्युमिनियमच्या गाडीचे खांब जाड असतात, आतली जागा कमी होते, दार उंबऱ्यासारखे उंच होते. आणि मग खुर्ची अरुंद म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करते.

छत नसलेल्या गाडीची गोष्ट याहून गमतीची. मुलांना वाटते, छत काढले म्हणजे गाडी हलकी. बुटांचे खोके घ्या. झाकण घट्ट बसवून दोन्ही टोके पिळा, ते पिळले जात नाही. झाकण काढा आणि पिळा. गाडीचेही तेच होते. छत गेले की सगळा पीळ जमिनीच्या पत्र्यावर येतो, तेथे जादा पट्ट्या घालाव्या लागतात, वर घडीचे छत आणि ते उघडणारी मोटार. पोर्शे ९११ ची उघड्या छताची गाडी बंद गाडीपेक्षा ७० किलोने जड आहे.

आपल्याकडेही स्पोर्ट्‌स कार बनविण्याचे प्रयत्न झाले. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची गाडी निघाली, फायबरचे अंग आणि रेनोचे छोटे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. २०१२ साली दिलीप छाब्रिया यांनी अवंती दाखविली. तिचे अंगही धातूच्या पत्र्याचे नव्हते, तरी गाडी दीड टनाच्या आसपास गेली. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. बाहेरचे अंग म्हणजे अंगरखा. अंगरखा मलमलीचा केला म्हणून माणसाचे वजन उतरत नाही. अडीचशे अश्वशक्तीचे इंजिन पाठीशी बसवायचे तर आतला सांगाडा, चाके, ब्रेक, थंड करण्याची व्यवस्था हे सगळे त्याच्या तोडीचे लागते.

वेगाच्या गाडीचे हे वैशिष्ट्यच आहे, आणि मुलांच्या मूळ प्रश्नाचे मर्मही येथेच आहे. पहिल्या ९११ मध्ये १३० अश्वशक्ती होती, वेग ताशी २१० किलोमीटर. २०१९ च्या साध्या ९११ मध्ये ३८५ अश्वशक्ती, वेग २९३. वजन गाठीला धरून हिशेब केला, तर सर्वाधिक वेगावरून गाडी थांबविताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते ती पहिल्या गाडीच्या सुमारे २.७ पट आहे. ती उष्णता पोटात घ्यायला मोठी थाळी हवी. मोठ्या थाळीभोवती बसणारे मोठे चाक हवे. पहिल्या गाडीचे टायर १६५ मिलिमीटर रुंद होते, आताचे मागचे टायर २९५ मिलिमीटर आहेत. चाक जड झाले म्हणून त्याला धरणारे हात जड, स्प्रिंगा जड, दांडे जड. मग एकंदर वजन वाढले म्हणून ब्रेक आणखी थोडे मोठे. सासुरवाडीला निघालेल्या माणसासारखे आहे हे : सामान वाढले म्हणून मोठी पेटी, पेटी मोठी म्हणून हमाल, आणि हमालाचे भाडे देण्यासाठी पुन्हा पैशाची पिशवी.

मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पहिल्या गाडीत दर टनामागे १२० अश्वशक्ती होती, नवीत २५६ आहे. वजन चाळीस टक्क्यांनी वाढले आणि ताकद तिप्पट झाली. अभियंते झोपले नव्हते. त्यांनी वजन वाचविले, आणि जे वाचले ते गिऱ्हाइकाने दुसऱ्या हाताने खर्च केले.

त्या खर्चाची यादी मी वाचून दाखवीत नाही. वातानुकूलन, विजेवर सरकणाऱ्या खुर्च्या, आवाज अडविणारे अस्तर, काही किलोमीटर लांबीची वायर, धूर शुद्ध करणारी नळकांडी. आपोआप बदलणारा गियरबॉक्सच हाताच्या गियरबॉक्सपेक्षा ९११ मध्ये ३५ किलोने जड आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइके तोच मागतात. हेच लोक मग म्हणतात, पूर्वीच्या गाड्यांत मजा होती.

ज्यांनी हट्टाने हलकी गाडी केली त्यांची दोन उदाहरणे देतो. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९९६ साली इलीज आणली. वजन सुमारे ७२५ किलो, आपल्या पद्मिनीपेक्षाही कमी. ॲल्युमिनियमचे डिंकाने चिकटविलेले तुकडे, ना एअरबॅग, ना वातानुकूलन. सुरेख गाडी! पण २०११ साली अमेरिकेत एअरबॅगच्या नियमातून मिळालेली सवलत संपली आणि रस्त्यावर चालविण्याच्या इलीजची तेथील विक्री थांबली. त्याच कंपनीची आताची एमिरा १४०० किलोच्या आसपास आहे. दुसरे उदाहरण जपानच्या माझदा कंपनीच्या एमएक्स-५ चे. १९८९ साली ती सुमारे ९५० किलोची होती. मधल्या पिढीत ती फुगली. २०१५ च्या चौथ्या पिढीत कंपनीने पुन्हा एकेक ग्रॅम मोजला आणि एअरबॅग, कडक पिंजरा वगैरे सर्व ठेवून ती हजार किलोवर आणली. कोणती जादू केली? गाडी पहिल्या गाडीपेक्षाही लांबीने किंचित आखूड केली, इंजिन दीड लिटरचे ठेवले आणि ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास थांबविली. ताकद कमी म्हणून ब्रेक लहान, ब्रेक लहान म्हणून चाके लहान. तीच साखळी, पण उलट्या दिशेने. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतले मोटारीतले हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे, जरी भिंतीवर तिचे चित्र लावणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही.

आता विजेच्या गाड्यांनी हिशेब पुन्हा बदलला आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट ऊर्जा असते. २०१९ च्या पोर्शे टायकानची बॅटरी ९३ युनिटांची होती, तिचे वजन ६३० किलो. म्हणजे एका किलोत पाव युनिटही नाही, जेमतेम ०.१५. ऐंशी पटींचा फरक! पेट्रोलचे इंजिन त्यातली पाऊण ऊर्जा वाया घालविते आणि विजेची मोटार फारच थोडी, हे धरले तरी वीस-पंचवीस पटींचा फरक राहतो. म्हणून टायकान सव्वादोन टनांच्या पुढे जाते. २०२४ च्या बीएमडब्ल्यू एम ५ मध्ये पेट्रोल आणि वीज दोन्ही आहेत आणि ती चोवीसशे किलोंच्या वर गेली. अशी गाडी तीन-साडेतीन सेकंदांत शंभराचा वेग घेते. आतल्या माणसाला वजन जाणवतही नाही.

बाहेरच्या माणसाला मात्र जाणवते. हा भाग जाहिरातीत नसतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, आणि त्यांत शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते. आपली मुले दुचाकीवरच असतात. त्यांच्या दृष्टीने समोरून येणारी गाडी पाच ताऱ्यांची आहे की शून्य ताऱ्यांची याला फारसा अर्थ नाही. ती किती वेगाने येत आहे आणि किती जड आहे याला आहे. त्यांतही वेगाचा वाटा वर्गाने वाढतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. १२० म्हणजे सत्तावन्न मीटर उंचीवरची उडी, एकोणीस-वीस मजले. चाचणी ६४ वर झालेली असते. १२० वर ऊर्जा तिच्या साडेतीन पट आहे. पाच तारे पाहून पाय दाबणाऱ्या मुलांच्या वडिलांनी हा आकडा जेवणाच्या ताटावर सांगावा.

आणि आता गॅरेजच्या कामाकडे येतो, कारण त्यासाठीच मी येथे उभा आहे. वजन आणखी वाढू नये म्हणून कारखान्यांनी नवे पोलाद आणले. त्यात किंचित बोरॉन असते. पत्रा नऊशे अंशांपर्यंत लाल तापवितात आणि साच्यात दाबता दाबताच एकदम थंड करतात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकद त्याला येते. दारांमधला खांब असा असतो. दिसायला अगदी साधा, रंगाखाली तर ओळखू येतच नाही. आता ठोकर खाल्लेली गाडी आपल्याकडे आली. खांब आत आला आहे. तीस वर्षांचा अनुभवी कारागीर काय करतो? गॅस लावतो, पत्रा लाल करतो, हातोडीने सरळ करतो, पुटी भरतो, रंग मारतो. काम इतके सफाईदार, की मालक शोधूनही दाखवू शकणार नाही. पण कारखान्यात एकदम थंड करून दिलेली ताकद त्या गॅसने उतरली. खांब आता साध्या पत्र्याचा झाला. पुढच्या धडकेत तो खांब आत येईल, आणि त्या गाडीत कोण बसलेले असेल हे आपल्याला ठाऊक नाही. कारागिराच्या हातात खोट नाही. त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच.

त्याच्या उलट दुसरा प्रकार, पुढे जाड लोखंडी गार्ड लावण्याचा. तीस-चाळीस किलो वजन अशा जागी, जेथे गाडीने चुरगळायचे आहे. गार्ड चुरगळण्याचे काम बिघडवितो, एअरबॅगच्या संवेदकाला चकवितो आणि पायी चालणाऱ्याचे हाड मोडतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करण्यास कळविले होते. तरीही मागणी आहे, कारण 'गाडी भारी दिसते'.

मी माझे बोलणे येथे थांबवितो. प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.

(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी दोन येथे देत आहोत.)

एक पालक : सर, माझे डेंटिंगचे काम आहे. रंगाखालचा पत्रा कडक जातीचा आहे की साधा, हे ओळखावे कसे?

उत्तर : भाई, चांगला प्रश्न विचारलात. नजरेने ओळखता येत नाही. साध्या ड्रिलचे पाते त्यावर घसरते आणि लगेच बोथट होते, ही एक खूण. पण खुणेवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक असते, त्यात गाडीच्या सांगाड्याचे चित्र असते आणि कोणता तुकडा कोणत्या जातीचा हे निरनिराळ्या रंगांत दाखविलेले असते. कोठे कापायचे, कोठे जोडायचे तेही लिहिलेले असते. अशा खांबाला गॅस लावायचा नाही, तो ठरलेल्या जागी कापून नवा बसवायचा. खर्च अधिक येतो. गिऱ्हाईक भांडेल. त्याला ते चित्र दाखवा. पुस्तक इंग्रजीत असते, तेव्हा मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून वाचून घ्या. त्यांचेही शिक्षण होईल.

एक विद्यार्थिनी : गाडीचे खरे वजन आम्हांला स्वतः मोजता येईल का?

उत्तर : येईल, बेटा, आणि तुमच्या प्रयोगवहीत ते जरूर असावे. ट्रक तोलण्याचा धरमकाटा असतो तेथे शिक्षकांबरोबर जा. आधी विचारा, काटा किती किलोच्या टप्प्याने वाचतो. ट्रकच्या काट्यावर तो टप्पा पाच किंवा दहा किलोचा असतो, तेव्हा दोन-चार किलोंचा फरक तेथे दिसणार नाही, पण टाकी भरल्याचा फरक दिसेल. आधी टाकी जवळजवळ रिकामी असताना तोला, मग पेट्रोल भरून तोला. दोन्ही वेळा चालक खाली उतरलेला असावा. मग फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन एकदा आणि फक्त मागची चाके घेऊन एकदा, अशी आणखी दोन वजने घ्या. त्यांची बेरीज पूर्ण वजनाशी जुळते का ते पाहा, आणि गाडीचा भार पुढे किती, मागे किती हेही कळेल. शेवटी आर.सी.वरचा आकडा शेजारी लिहा. नंतर बसविलेली गॅसची टाकी, गार्ड, संगीताचे खोके असे काही असेल तर त्याची नोंद करा. फरक त्यातच सापडेल.